इमल्शनपासून सच्छिद्र पॉलिमर: पहिला पॉलीहाइप ठोकळा कसा बनवावा

पॉलिमरच्या ठोकळ्यात ऐंशी-नव्वद टक्के पोकळी असावी, त्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असाव्यात आणि तरीही तो ठोकळा हातात धरता यावा, कापता यावा, नळीत बसवता यावा, अशी गरज अनेक कामांत पडते. तेल शोषून घेणे, उत्प्रेरकाला आधार देणे, मिश्रणातील घटक वेगळे करणे, पेशी वाढवण्यासाठी सांगाडा पुरवणे ही त्यांतली ठळक कामे. असा पदार्थ मिळवण्याचा एक मार्ग म्हणजे तेलासारख्या मोनोमरमध्ये, म्हणजे ज्याचे रेणू जोडून पॉलिमर बनतो त्या द्रवात, त्याच्या कितीतरी पट पाणी थेंबांच्या रूपात कोंबायचे, थेंबांभोवती उरलेला मोनोमरचा पातळ पडदा घट्ट करायचा आणि मग पाणी काढून टाकायचे. जिथे थेंब होता तिथे पोकळी राहते. या पदार्थाला पॉलीहाइप म्हणतात. हे नाव युनिलिव्हर कंपनीच्या बार्बी आणि हक या संशोधकांच्या १९८२च्या पेटंटमुळे रूढ झाले, आणि त्यांची स्टायरीनवर आधारलेली मूळ कृती किरकोळ फेरफारांसह आजही नवख्यांना शिकवली जाते.

हा लेख मुंबईतील महाविद्यालयांत आणि संस्थांत पॉलिमरचा प्रकल्प प्रथमच हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी शिकणाऱ्यांना यातील बरीच उपकरणे जवळच मिळतील; इतरांना काही तपासण्यांसाठी दुसऱ्या संस्थेत जावे लागेल. मात्र हे काम धूर-वाफा ओढून नेणारा फ्यूम हूड असलेल्या प्रयोगशाळेतच करावे. राहत्या घरात, गाळ्यात किंवा गच्चीवर ते करू नये, आणि याला अपवाद नाही.

सगळ्या कृतीत एक गोष्ट मध्यवर्ती आहे. ठोकळ्याची रचना ओव्हनमध्ये ठरत नाही; ती ढवळण्याच्या भांड्यात, इमल्शन (एका द्रवात न मिसळणाऱ्या दुसऱ्या द्रवाच्या थेंबांचे मिश्रण) तयार होत असतानाच ठरलेली असते, आणि ओव्हन तिला फक्त कायम करतो. म्हणून पॉलिमरीकरणाला चोवीस तास लागत असले, तरी खरे लक्ष त्या आधीच्या पाऊण तासावर असायला हवे.

थेंब, पडदा आणि ७४ टक्के

एकाच आकाराचे गोळे कितीही दाटीने रचले तरी त्यांनी व्यापलेली जागा ७४.०५ टक्क्यांपलीकडे जात नाही. योहान्स केप्लर यांनी १६११ मध्ये मांडलेल्या या अंदाजाची सिद्धता थॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये जाहीर केली. इमल्शनमध्ये थेंबांचे प्रमाण या मर्यादेच्या वर गेले की थेंबांना गोल राहणे कठीण होते. ते एकमेकांवर दाबले जाऊन बहुपृष्ठी आकार घेतात, किंवा लहान थेंब मोठ्यांच्या फटींत शिरतात. अशा इमल्शनला हाय इंटर्नल फेज इमल्शन, थोडक्यात हाइप, असे म्हणतात. आतल्या बाजूला थेंबांच्या रूपात असलेला द्रव म्हणजे अंतर्गत प्रावस्था, आणि त्यांना वेढणारा द्रव म्हणजे अखंड प्रावस्था. आपल्या कृतीत पाणी अंतर्गत आहे आणि मोनोमर अखंड आहे.

कोणता द्रव अखंड राहील हे मुख्यतः सरफॅक्टंट, म्हणजे थेंबाच्या पृष्ठावर बसून त्याला टिकवणारा पदार्थ, ठरवतो. ज्या द्रवात सरफॅक्टंट अधिक विरघळतो तो द्रव अखंड राहतो, हा बँक्रॉफ्टचा नियम येथे नेहमी डोळ्यांसमोर ठेवावा. स्पॅन ८० म्हणजे सॉर्बिटॅन मोनोओलिएट. त्याचा एचएलबी अंक (सरफॅक्टंटचा ओढा पाण्याकडे की तेलाकडे हे सांगणारा आकडा; लहान म्हणजे तेलाकडे) ४.३ आहे, तो तेलात विरघळतो, पाण्यात जवळजवळ नाही. म्हणूनच मोनोमरच्या नऊ-दहा पट पाणी ओतले तरी पाणी थेंबांच्याच रूपात राहू शकते. पाण्यात विरघळणारा सरफॅक्टंट वापरला तर पहिल्या काही मिलिलिटरांतच चित्र उलटेल आणि पाण्यात तरंगणारे मोनोमरचे थेंब मिळतील, ज्यांच्यापासून ठोकळा होत नाही.

पोकळ्यांना जोडणाऱ्या खिडक्यांबद्दल नवख्यांचा हमखास गैरसमज असतो. इमल्शनमध्ये थेंब एकमेकांना जोडलेले नसतात. प्रत्येकाभोवती अखंड पडदा असतो. नील कॅमेरॉन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोठवलेले नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दाखवले की खिडक्या पॉलिमर जेल होण्याच्या सुमारास उघडतात, आणि मोनोमरचे पॉलिमर होताना होणारे आकुंचन हे त्याचे कारण त्यांनी मांडले. पडदा जिथे सर्वांत पातळ असतो तिथे तो फाटतो. सरफॅक्टंट जास्त असला की पडदे पातळ होतात आणि खिडक्या उघडतात. सरफॅक्टंट फारच कमी असला, म्हणजे मोनोमरच्या पाच टक्क्यांच्या आसपास किंवा खाली, तर पाण्याचे प्रमाण कितीही असो, पोकळ्या बंद राहण्याचा संभव मोठा असतो. म्हणून पहिल्या प्रयत्नात मोनोमरच्या वजनाच्या २५ टक्के सरफॅक्टंट घ्यावा. आकडा मोठा वाटतो, पण धुताना तो जवळजवळ सगळा बाहेर पडतो.

साहित्य आणि ते आणताना घ्यायची काळजी

एका तुकडीसाठी स्टायरीन ८ मिली, ८० टक्के शुद्धतेचे डायव्हिनाइलबेन्झीन २ मिली, स्पॅन ८० २.३ ग्रॅम आणि ऊर्ध्वपातित पाणी लागते. शंभर मिली पाण्यात १ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट आणि ०.२ ग्रॅम पोटॅशियम परसल्फेट विरघळवून जलीय द्रावण बनवावे. परसल्फेट पाण्यात हळूहळू विघटित होत राहते, म्हणून द्रावण त्याच दिवशी करावे. आदल्या आठवड्याचे उरलेले वापरू नये.

यातील प्रत्येकाचे काम वेगळे आहे. स्टायरीनपासून साखळ्या बनतात. डायव्हिनाइलबेन्झीन त्या साखळ्यांना एकमेकींशी बांधते. ते नसते तर ठोकळा धुताना सॉल्व्हंटमध्ये फुगला किंवा विरघळला असता. परसल्फेट ६०° से.च्या आसपास तुटून मुक्तमूलके, म्हणजे अतिशय क्रियाशील तुकडे, देते आणि साखळीची सुरुवात करते. कॅल्शियम क्लोराइडचे काम बहुतेकांच्या लक्षात येत नाही आणि म्हणून ते गाळण्याचा मोह होतो. क्षारामुळे मोनोमरची पाण्यातली आधीच अल्प असलेली विद्राव्यता आणखी घटते, आणि लहान थेंब आकसत मोठे फुगत जाण्याची जी प्रक्रिया, म्हणजे ऑस्टवाल्ड पक्वन, ती मंदावते. क्षार गाळला तरी इमल्शन बनेल, पण चोवीस तास ६०° से.वर टिकण्याची शाश्वती कमी होईल.

प्रिन्सेस स्ट्रीट आणि मस्जिद बंदर परिसरात रसायनांच्या दुकानांची कमी नाही. फायबरग्लासचे काम करणाऱ्यांसाठी विकले जाणारे सुटे स्टायरीन स्वस्त असते, पण त्याचे वय आणि त्यातील निरोधकाचे, म्हणजे पॉलिमरीकरण रोखणाऱ्या पदार्थाचे, प्रमाण कळत नाही. प्रकल्पासाठी बंद बाटली आणि तिच्यासोबत तुकडीचे प्रमाणपत्र घ्यावे. बाटली शीतकपाटात ठेवावी. बाटलीतील स्टायरीन आधीच अंशतः पॉलिमर झाले आहे का हे पाहण्याचा सोपा उपाय असा: त्याचे काही थेंब मिथेनॉलमध्ये टाकावेत. द्रव स्वच्छ राहिला तर ठीक. ढगाळ झाला तर पॉलिस्टायरीन तयार झालेले आहे आणि ती बाटली या कामाची नाही. एप्रिल-मे महिन्यांत वातानुकूलन नसलेल्या भांडारात पडून राहिलेल्या बाटल्यांची ही चाचणी करूनच पुढे जावे.

जुलैच्या हवेत आणखी एक अडचण येते. कॅल्शियम क्लोराइड हवेतील ओलावा इतक्या झपाट्याने घेते की वजनकाट्यावर ठेवल्या ठेवल्या आकडा चढू लागतो, आणि परसल्फेटचे खडे होतात. दोन्हींच्या बाटल्या डेसिकेटरमध्ये ठेवाव्यात, झाकण उघडण्याआधी वजनाची बाकी तयारी पूर्ण असावी, आणि चिकट किंवा गोळा झालेले परसल्फेट वापरू नये.

सुरक्षितता

स्टायरीनचा ज्वलनांक सुमारे ३१° से. आहे. मुंबईत वर्षातील मोठा काळ दुपारचे तापमान या आकड्याच्या आसपास किंवा वर असते, म्हणजे उघड्या बीकरवरची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. हूडमध्ये हीटिंग मेंटल, बर्नर किंवा ठिणगी देणारे जुने स्विच नसावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनची गणना मानवासाठी बहुधा कर्ककारक असलेल्या पदार्थांत केली आहे, त्यामुळे वास येणे हीच चूक समजून हूडची काच खाली ओढलेली ठेवावी. साधे नायट्राइल हातमोजे स्टायरीनला फार वेळ अडवत नाहीत. थेंब पडला की मोजा लगेच बदलावा. परसल्फेट तीव्र ऑक्सिडीकारक आहे आणि त्याची धूळ श्वसनमार्गाला त्रास देते, म्हणून ते मोनोमरपासून दूर, स्वतंत्र टेबलावर तोलावे.

निरोधक काढणे

स्टायरीन आणि डायव्हिनाइलबेन्झीन बाटलीत आपोआप घट्ट होऊ नयेत म्हणून त्यांत टर्शरी-ब्यूटिलकॅटेकोल मिसळलेले असते. डायव्हिनाइलबेन्झीनमध्ये त्याचे प्रमाण स्टायरीनपेक्षा कितीतरी जास्त असते. जाड पाश्चर पिपेटमध्ये कापसाच्या बोळ्यावर चार-पाच सेंटिमीटर क्षारीय अॅल्युमिना भरून दोन्ही मोनोमर त्यातून वेगवेगळे गाळावेत. अॅल्युमिनावर पिवळसर पट्टा उमटतो तो निरोधकाचा. पट्टा खालपर्यंत उतरला तर अॅल्युमिना बदलावा. गाळलेला मोनोमर त्याच दिवशी वापरावा, उरला तर परत मूळ बाटलीत ओतू नये.

इमल्शन

अडीचशे मिलीच्या रुंद तोंडाच्या गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये दोन्ही मोनोमर आणि स्पॅन ८० घ्यावेत आणि अर्धचंद्राकृती टेफ्लॉन पाते बसवलेल्या ओव्हरहेड स्टररने ढवळून एकजीव करावेत. मॅग्नेटिक स्टररने हे काम होत नाही, कारण इमल्शन दाटले की पट्टी जागेवरच फिरत राहते आणि वरचा थर हलतच नाही. जलीय द्रावणातून पंधरा मिनिटे नायट्रोजन सोडावा. विरघळलेला ऑक्सिजन मुक्तमूलके गिळतो आणि पॉलिमरीकरणाला उशीर करतो.

पहिल्या तुकडीत ९० टक्क्यांचा हट्ट धरू नये. ५० मिली जलीय द्रावणापासून सुरुवात करावी. सरफॅक्टंटचे सुमारे २.३ मिली आकारमान धरून अखंड प्रावस्था १२.३ मिली होते, म्हणजे पाण्याचे प्रमाण ५० भागिले ६२.३, सुमारे ८० टक्के. तेवढ्याच मोनोमरमध्ये ९० मिली द्रावण घेतले तर प्रमाण ८८ टक्के आणि ११० मिली घेतले तर ९० टक्के होते. दहा मिली मोनोमरला नव्वद मिली पाणी म्हणजे ९० टक्के, असा हिशेब करताना सरफॅक्टंट विसरला जातो. वहीत प्रमाण लिहिताना ते कसे काढले हेही लिहावे.

स्टररची गती मिनिटाला सुमारे ३०० फेरे ठेवून ड्रॉपिंग फनेलमधून द्रावण थेंबाथेंबाने सोडावे. पहिले १५ मिली सर्वांत नाजूक असतात. या टप्प्यात मोनोमर पातळ असतो, थेंबांना एकमेकांपासून दूर ठेवणारे दाट जाळे अजून नसते, आणि घाईने ओतलेले पाणी मोठ्या थेंबांत किंवा सरळ तळाशी जमते. हे १५ मिली दहा ते पंधरा मिनिटांत जावेत. त्यानंतर मिनिटाला दोन ते तीन मिलीपर्यंत वेग वाढवता येतो, पण पुढचा थेंब कधी सोडायचा हे घड्याळाने ठरवण्यापेक्षा पृष्ठभागाकडे पाहून ठरवावे: आधीचे पाणी पात्याने पूर्णपणे आत घेतले, वर चमकणारा स्वच्छ पाण्याचा डाग उरला नाही, की मगच पुढचे.

आकारमान वाढत जाते तसे इमल्शन पात्याच्या वर चढते आणि नवे पाणी पाते पोचत नाही तिथे साठते. म्हणून पाते थोडे थोडे वर घ्यावे, किंवा फ्लास्क खाली करावा. बिघडलेल्या तुकड्यांमागे सूत्रातील दोषापेक्षा हेच कारण अधिक वेळा असते, असे माझे मत आहे.

सुरुवातीला मिश्रण पातळ दुधाळ दिसते. पाणी ७० टक्क्यांच्या पुढे गेले की ते दाटू लागते, आणि ८० टक्क्यांना चांगले इमल्शन पाणी निथळलेल्या चक्क्यासारखे, पांढरेशुभ्र व एकसारखे होते. पाते थांबवले तर त्यात पडलेली खाच काही वेळ तशीच राहते. शेवटचा थेंब गेल्यावर आणखी दहा मिनिटे ढवळावे. जास्त ढवळल्याने थेंब बारीक होतात, पण एका मर्यादेपर्यंतच. थेंबाचे पृष्ठफळ वाढते तसा प्रत्येक पृष्ठाला झाकायला सरफॅक्टंट लागतो, आणि तो संपला की थेंब पुन्हा एकत्र येतात.

इमल्शन दाट होता होता अचानक पातळ झाले तर ते उलटले आहे असे समजावे. खात्री करण्यासाठी काचकांडीवरचा एक लहानसा गोळा पाण्यात आणि दुसरा हूडमध्ये ठेवलेल्या टोल्युइनमध्ये टाकावा. योग्य इमल्शन पाण्यात गोळ्यासारखेच राहते आणि टोल्युइनमध्ये पसरते. उलटलेले पाण्यात पसरते. उलटलेले इमल्शन आणखी ढवळून सरळ करण्याचा खटाटोप करू नये, नवी तुकडी घ्यावी. ढवळणे संपल्यावर थोडे इमल्शन एका छोट्या झाकणाच्या बाटलीत घेऊन टेबलावर रात्रभर ठेवावे. सकाळी तळाशी पाण्याचा थर दिसला तर ओव्हनमधील ठोकळ्यातही दोष असणार हे आधीच कळते, आणि पुढच्या तुकडीत काय बदलायचे याचा विचार त्याच दिवशी सुरू करता येतो.

साचा आणि पॉलिमरीकरण

साचा पॉलिप्रोपिलीनचा किंवा काचेचा असावा. पॉलिस्टायरीनची पेट्री डिश किंवा नळी वापरली तर स्टायरीन तीच विरघळवून टाकेल. ५० मिलीच्या झाकणाच्या पॉलिप्रोपिलीन नळ्या सोयीच्या पडतात. इमल्शन सुई न लावलेल्या, टोक कापलेल्या सिरिंजने भरावे. अरुंद सुईतून जोराने ढकलले तर थेंबांचा आकार बदलतो. नळी टेबलावर हलके आपटून अडकलेली हवा वर येऊ द्यावी. सेंट्रिफ्यूजने हवा काढण्याचा विचार सोडून द्यावा, कारण पाणी मोनोमरपेक्षा जड असल्याने थेंबच तळाशी दाबले जातात. नळी काठोकाठ भरून झाकण घट्ट लावावे, म्हणजे वरचा थर सुकून त्याची कवची बनत नाही.

भरलेल्या नळ्या लगेच ६०° से.च्या पाण्याच्या बाथमध्ये किंवा ओव्हनमध्ये ठेवून २४ तास तशाच राहू द्याव्यात. लवकर व्हावे म्हणून तापमान ८०° से.पर्यंत नेऊ नये. उष्णतेने इमल्शनचा दाटपणा व पडद्यांची ताकद घटते आणि जेल होण्याच्या आत थेंब एकत्र येऊ शकतात. पहिल्या काही तासांत नळ्या हलवून पाहण्याची उत्सुकता आवरावी.

धुणे आणि वाळवणे

नळी कापून ठोकळा काढला की तो पांढरा, ओला आणि पाण्याने जड असतो. त्याचे एक सेंटिमीटर जाडीचे काप करून सॉक्सलेटमध्ये (ताजा ऊर्ध्वपातित द्रव पुन्हा पुन्हा फिरवून धुणाऱ्या काचेच्या उपकरणात) आधी पाण्याने आणि मग आयसोप्रोपेनॉलने प्रत्येकी सुमारे २४ तास धुवावे. पाण्याने क्षार व परसल्फेटचे अवशेष जातात, आयसोप्रोपेनॉलने स्पॅन ८० आणि न उरकलेला मोनोमर. इथेनॉलही चालते, पण महाराष्ट्रात त्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी आणि वापराची नोंद लागते. ज्या विभागात ती व्यवस्था नाही तिथे आयसोप्रोपेनॉलच बरे.

धुतलेले काप हूडमध्ये एक दिवस उघडे ठेवावेत, मग निर्वात ओव्हनमध्ये ५०° से.ला वजन स्थिर होईपर्यंत वाळवावेत. शेवटचा द्रव पाण्याऐवजी आयसोप्रोपेनॉल असण्याला कारण आहे: त्याचा पृष्ठताण कमी असल्याने सुकताना भिंतींवर पडणारा केशिक ताण कमी राहतो. स्टायरीनचा ताठ ठोकळा तसाही फारसा आकसत नाही, पण पुढे मऊ अॅक्रिलेटचे ठोकळे बनवायचे असतील तर हा फरक निर्णायक ठरतो.

आलेला ठोकळा कसा ओळखावा

सूक्ष्मदर्शकाआधी वजनकाटा आणि व्हर्नियर कॅलिपर वापरावेत. आपल्या तुकडीत सुमारे ९.१ ग्रॅम मोनोमर आणि ६२.३ मिली इमल्शन आहे, म्हणून बाहेरचा आकार टिकला तर सुक्या ठोकळ्याची घनता दर घनसेंटिमीटरला ०.१४६ ग्रॅमच्या आसपास यावी. पॉलिस्टायरीनची घनता १.०५ धरली तर पोकळी सुमारे ८६ टक्के निघते. ती ८० नव्हे ८६ का? एक, सरफॅक्टंट धुऊन गेल्याने त्याची जागाही रिकामी झाली. दोन, मोनोमरचे पॉलिमर होताना त्याचे आकारमान घटले. घनता अपेक्षेपेक्षा बरीच जास्त आली तर ठोकळा आकसला आहे किंवा पाणी इमल्शनमध्ये पूर्ण शिरलेच नव्हते. बरीच कमी आली तर मोनोमर उडून गेला किंवा पूर्ण पॉलिमर झाला नाही, आणि धुताना निघून गेला.

पोकळ्या जोडलेल्या आहेत का हे वाळवतानाच कळू लागते. जोडलेल्या असतील तर काप लवकर हलका होतो. बंद असतील तर अडकलेले पाणी दिवसेंदिवस निघत नाही. रंगीत केलेल्या आयसोप्रोपेनॉलमध्ये कापाचे टोक बुडवले तर जोडलेल्या पोकळ्यांतून रंग वर चढताना दिसतो. ही चाचणी पाण्याने करू नये, कारण स्टायरीनचा पृष्ठभाग पाण्याला जवळ करत नाही.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी मुंबईतील विद्यार्थ्यांना नमुना पवईच्या आयआयटीतील अत्याधुनिक विश्लेषण उपकरण सुविधा केंद्रासारख्या ठिकाणी पाठवता येतो. नमुना ब्लेडने कापू नये, कारण ब्लेड भिंती लिंपून टाकते. तो मोडावा आणि ताजा भंगपृष्ठ दाखवावा. पॉलिमर वीजवाहक नसल्याने सोन्याचा पातळ थर द्यावा लागतो. पावसाळ्यात नमुना सिलिका जेलसोबत बंद डबीत न्यावा. चित्रात मोठी गोल पोकळी आणि तिच्या भिंतीवर अनेक लहान गोल खिडक्या दिसायला हव्यात. मोडताना प्रत्येक गोळा मधोमध कापला जात नाही, म्हणून मोजलेला सरासरी व्यास खऱ्यापेक्षा कमी येतो. तो २ भागिले ३चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.१५ या गुणकाने वाढवण्याची प्रथा आहे. पाऱ्याच्या पोरोसिमीटरमधून (दाबाने पारा आत शिरवून छिद्रे मोजणाऱ्या यंत्रातून) मिळणारा आकडा मात्र खिडक्यांचा असतो, पोकळ्यांचा नव्हे, आणि हे दोन आकडे एकाच तक्त्यात भेद न करता लिहिलेले प्रकल्प-अहवाल अजूनही वाचायला मिळतात.

या ठोकळ्याचे पृष्ठफळ कमी असते, दर ग्रॅमला थोडेच चौरस मीटर. मोठी छिद्रे म्हणजे मोठे पृष्ठफळ असे नसते. ते काही शे चौरस मीटरपर्यंत न्यायचे असेल तर डायव्हिनाइलबेन्झीनचे प्रमाण खूप वाढवून मोनोमरमध्ये टोल्युइनसारखा छिद्रकारक मिसळावा लागतो, म्हणजे भिंतींच्या आतच बारीक छिद्रे होतात. पण तो पहिल्या तुकडीचा विषय नाही.

तेल शोषणाची चाचणी

मुंबईच्या विद्यार्थ्यांना हा उपयोग विशेष जवळचा वाटतो, आणि ते स्वाभाविक आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर होऊन येथल्या समुद्रात तेल सांडले होते. चाचणी सोपी आहे: सुका काप तोलावा, तेलात बुडवावा, बाहेर काढून ठरावीक वेळ निथळवावा आणि पुन्हा तोलावा. पण उत्तर आधीच ठाऊक असायला हवे. ८८ टक्के पाण्याच्या तुकडीची घनता ०.०८९ आणि पोकळी सुमारे ९१.५ टक्के येते. तेलाची घनता ०.८५ असेल तर पोकळ्या पूर्ण भरल्यावर एका ग्रॅमला सुमारे ८.७ ग्रॅम तेल बसते. एखाद्याच्या तक्त्यात याच ठोकळ्यासाठी तीस ग्रॅम लिहिलेले दिसले तर निथळणे पुरेसे झाले नाही, किंवा पॉलिमर स्वतः फुगला, याचा शोध घ्यावा. टोल्युइनसारख्या द्रवात फुगणे खरेच होते आणि ते वेगळे नोंदवावे लागते.

बिघाड आणि पुढचे बदल

ठोकळा बोटांनी चुरला जातो आणि खडूसारखी पूड सुटते, ही या कृतीची जुनी ओळखीची उणीव आहे. ती तुमची चूक असेलच असे नाही. पाण्याचे प्रमाण कमी केले तर भिंती जाड होतात आणि पूड घटते. स्टायरीनचा काही भाग काढून त्या जागी २-इथाइलहेक्सिल अॅक्रिलेट घातले तर ठोकळा लवचीक होतो. ठोकळा चिकट आणि मऊ निघाला तर निरोधक नीट निघाला नाही किंवा ऑक्सिजन राहिला, असे आधी तपासावे. तळाशी पाण्याचा थर आणि वर ठोकळा असे दिसले तर पाणी घालण्याचा वेग, पात्याची उंची आणि स्पॅन ८०ची बाटली किती जुनी आहे, या क्रमाने पाहावे. आडव्या भेगा बहुधा नळीतील हवेच्या किंवा घाईने वाळवण्याच्या असतात.

पुढच्या तुकडीत एका वेळी एकच गोष्ट बदलावी. माझ्या मते पहिला बदल सरफॅक्टंटच्या प्रमाणाचा असावा, कारण २५, १५ आणि ५ टक्क्यांचे तीन ठोकळे शेजारी ठेवले की खिडक्या कशा बंद होत जातात हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. त्यानंतर पाण्याचे प्रमाण आणि मग ढवळण्याची गती. सरफॅक्टंटऐवजी पृष्ठभाग बदललेल्या सिलिकाच्या कणांनी स्थिर केलेली इमल्शनेही बनवता येतात. इकेम, मेनर आणि बिस्मार्क यांनी २००८ मध्ये केवळ अशा कणांनी स्थिर केलेले हाइप दाखवले. पण कण पडद्यात घट्ट बसत असल्याने तसे ठोकळे बहुधा बंद पोकळ्यांचे होतात, आणि जोडलेल्या पोकळ्या हव्या असतील तर वेगळी युक्ती करावी लागते. तेल आतल्या बाजूला आणि पाण्यात विरघळणारा मोनोमर बाहेर, अशा उलट्या रचनेतून पाणी शोषणारे ठोकळे मिळतात. त्यासाठी पुष्कळदा सुचवले जाणारे अॅक्रिलअमाइड मज्जासंस्थेला घातक आहे, म्हणून अनुभवी मार्गदर्शक सोबत असल्याशिवाय ते हाताळू नये.

कामानंतर उरलेला मोनोमर, टोल्युइन आणि सॉक्सलेटमधील आयसोप्रोपेनॉल हॅलोजनविरहित सॉल्व्हंटच्या लेबल लावलेल्या डब्यात जावेत. परसल्फेटचे द्रावण त्या डब्यात कधीही ओतू नये. त्याचा डबा वेगळा ठेवावा. फसलेले इमल्शन सिंकमध्ये टाकू नये. ते झाकणाच्या नळीत भरून बाकीच्या नळ्यांसोबत ६०° से.ला घट्ट होऊ द्यावे आणि घन कचरा म्हणून, संस्थेच्या घातक कचऱ्याच्या व्यवस्थेतून, त्यात काय आहे ते लिहिलेल्या पिशवीत द्यावे.